कोंबड्या मोकळ्या, भाजी कोंडलेली

पहिल्या वर्षीची गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. लाल माठाचं बी रेतीत कालवून वाफ्यात पेरलं, मुंग्या बी पळवतात म्हणून वरून राख भुरभुरवली, झारीने पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेले, चहाला उकळी येते न येते तोवर बाहेर खरखर खरखर, जाऊन बघते तर चार कोंबड्या ओळीने वाफ्यात, दोघी पायांनी माती मागे उडवतायत आणि एक चक्क आडवी पडून पंख पसरून राखेत लोळतेय. चौथी नुसती उभी होती, ती आमची बोडकी, मानेला पिसं नाहीत म्हणून बोडकी. मी ओरडले तर माझ्याकडेच अशी बघते की मीच तिच्या घरात घुसलेय.

2020 मध्ये लॉकडाऊनच्या वेळी डोंबिवलीहून गावी आलो, संगमेश्वर तालुक्यात, सासरचं जुनं घर. महिनाभर राहू म्हणून आलेलो ते राहिलोच. परस मोठा, भोवती जांभ्या दगडांचा गडगा म्हणजे बुटकी भिंत, कडेला दोन फणस, आणि सासूबाईंच्या आठ-नऊ गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या. भाजी लावायची हौस माझी. सासूबाईंनी कोंबड्यांपायी परसात भाजी करणं केव्हाच सोडलेलं, अळू, हळद आणि मांडवावरचं पडवळ, बस. मला वाटलेलं त्यांना आता होत नसेल. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी फक्त मला सांगितलं नाही.

मग मी कुंपणाच्या मागे लागले. पहिल्यांदा नारळाच्या झावळ्या उभ्या लावून वई केली, दिसायला छान, पण गावठी कोंबडी म्हणजे काय ब्रॉयलर नव्हे, ती संध्याकाळी फणसावर चढून बसते, तिला तीन फुटांची वई म्हणजे बसायला दांडीच. कोणीतरी सांगितलं एका पंखाची लांब पिसं कापा, दोन्ही नाही एकाच, म्हणजे उडताना तोल जातो. कापली. दुखत नाही त्यांना, आपण नखं कापतो तसंच, फक्त नवीन रक्ताळलेलं पीस असेल तर त्याला हात लावायचा नाही. पण पिसं झडून नवीन आली की परत येरे माझ्या मागल्या, आणि शिवाय मला ते बरं वाटेना कारण आमच्याकडे मुंगूस आहे, रानमांजर आहे, वरून घार, कोंबडीला उडताच येत नसेल तर ती पळणार कुठे.

मग नेट. बंदरावरून जुनी मासेमारीची जाळी आणली, आमच्याकडे सगळेच लावतात, स्वस्त आणि मस्त. पंधरा दिवस कोंबड्या बाहेर, मी खूश. सोळाव्या दिवशी सकाळी जाळीत भलीमोठी धामण अडकलेली. जेवढी सुटायला बघतेय तेवढा नायलॉन आत रुततोय. नवऱ्याने तोंडाकडची बाजू गोणपाटाखाली धरली आणि मी शिवणाच्या कात्रीने एकेक दोरा कापला, हात इतके थरथरत होते, सुटली आणि सरळ गडग्यात गेली. त्याच दिवशी सगळी जाळी काढून टाकली. धामण उंदीर खाते, परसात ती पाहिजे. (अंडीही खाते, ते माहितेय. तरी.)

तर अशी दोन वर्षं गेली आणि तिसऱ्या पावसाळ्यात मी एक गोष्ट बघितली जी खरं तर पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. वांग्याची रोपं लावली की दोन तासांत उपटलेली सापडायची, पण उपटलेलं रोप तिथेच पडलेलं, पान न पान शाबूत. खाल्लेलं नाहीच! वांग्याशी कोंबडीला काही देणंघेणं नव्हतं. तिला मी खणलेली ओली भुसभुशीत माती पाहिजे होती, कारण आख्ख्या परसात बाकी सगळी जमीन दगडासारखी आणि तेवढीच काय ती मऊ, त्यात गांडुळं, हुमण्या, वाळवी वर आलेली. म्हणजे मी दर वेळी तिच्यासाठी पान वाढत होते आणि वर तिलाच शिव्या घालत होते.

तेव्हापासून मी कोंबड्यांना हाकलणं सोडलं आणि माती झाकायला लागले. रोप लावलं की बुंध्याभोवती जांभ्याचे चार तुकडे, नारळाएवढे, एकमेकांना चिकटून. तिला उकरायला जागाच राहत नाही. दगडाखाली ओलही टिकते. वांगी, मिरची, भेंडीला एवढं पुरतं, रोप गुडघाभर झालं की दगड काढले तरी चालतं, मग तिने थोडं उकरलं तरी मुळं धरलेली असतात. दुधी, पडवळ, दोडक्याच्या आळ्यांवर काटेरी फांद्या टाकते, वेल मांडवावर गेला की प्रश्न मिटला. आणि त्यांची हक्काची जागा म्हणून पडवीच्या टोकाला, जिथे पावसाचं पाणी येत नाही, तिथे चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एक खड्डा करून दिलाय. दुपारी तिथे रांग लागते. अंगातल्या पिसवा जातात त्याने, म्हणून त्या लोळतात, माझ्या वाफ्यावर राग म्हणून नाही, हे मला उशिरा कळलं.

मात्र पालेभाजी. माठ, पालक, मुळा, कोथिंबीर, यांना दगडबिगड काही उपयोगाचे नाहीत, ही त्या खरंच खातात आणि चवीने खातात. ती मी कोंडली. हार्डवेअरच्या दुकानातून चिकन मेश आणली, भिंतीच्या प्लास्टरमध्ये घालतात ती तारेची जाळी, दुकानदार म्हणाला "प्लास्टरला ना?", म्हटलं नाही हो, नावाप्रमाणे कोंबड्यांसाठी, तर तो हसायलाच लागला. बांबूच्या चौकटीवर ती ठोकून दोन मोठे पिंजरे केलेत, तळ नसलेले, उचलून या वाफ्यावरून त्या वाफ्यावर ठेवता येतात. शेजारच्या काकी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "अगो, लोक कोंबड्या खुराड्यात घालतात, तू भाजी घातलीस." माठ महिनाभरात काढायला येतो, काढला की पिंजरा उचलायचा आणि रिकामा वाफा चार दिवस कोंबड्यांना. मुळं, किडे, तण, सगळं साफ करून देतात, वर उकरून माती मोकळी. मजूर लावला तरी एवढं मनापासून काम करणार नाही.

कशाला हात लावत नाहीत तेही मजेशीर आहे. अळूला कधीच नाही, खाजतं ना. पण मोरीच्या पाण्यावर जो अळूचा दाट पट्टा आहे त्यात घारीची सावली पडली की सगळ्या गडप. हळदीला नाही. पावसात ते वाणी निघतात ना, लाल-काळे, हात लावला की गोल होणारे, ते चोचीत धरून बघतात आणि टाकून देतात, वास येतो त्याला. आणि मिरची मात्र खातात! पिकलेली लाल लवंगी, एकामागून एक, डोळ्यात पाणी नाही की काही नाही. मला वाटलं मुकाट सहन करतायत, पण मिरचीतलं जे कॅप्सेसिन आपल्याला झोंबतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही. त्यातलं काही बी तसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून आमच्याकडे गडग्याच्या कडेला, खुराड्यामागे, कोणी न लावलेली मिरचीची झाडं आहेत, आणि खरं सांगू, मी लावलेल्यांपेक्षा ती जास्त धरतात.

आता खत. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तांबड्या मातीतलं सगळं सत्त्व धुऊन जातं, त्यामुळे खत पाहिजेच. पण कोंबडीची विष्ठा ताजी टाकायची नाही, मी एकदा टाकली, काकडीचे वेल तीन दिवसांत कडेने करपले. शेणखतात नत्र अर्धा टक्का असेल तर यात तीन टक्क्यांपर्यंत असतं, ताजं असताना जाळतं. खुराड्यात मी भाताचं तूस आणि पातेरा म्हणजे सुका पाला टाकते, महिन्याने झाडून शेणाबरोबर खड्ड्यात, आणि तीन-चार महिने विसरून जायचं. दिवाळीनंतर काढते तेव्हा वास नसतो, काळंभोर, हातात घ्यावंसं वाटतं. पालेभाजी पिंजऱ्यात ठेवण्याचं अजून एक कारण हेच, पानांवर कोणी शिटत नाही. तरी धुते खळखळून.

हे सगळं मस्त जमलं असं वाटत असतानाच या गणपतीच्या आधी बोडकी गायब. आठवडा झाला, सासूबाई म्हणाल्या मुंगसाने नेली. नवऱ्याने पिसं शोधली, मिळाली नाहीत. मला वाईट वाटलं, कितीही झालं तरी पहिल्या दिवसाची मैत्रीण. आणि मग एका सकाळी हळदीच्या वाफ्यातून कुकक कुकक करत बाहेर आली, मागे सात पिल्लं. खुडूक होऊन हळदीच्या पानांखाली 21 दिवस अंड्यांवर बसलेली आणि मी रोज तिथून चार हातांवरून पाणी घालत होते!

पिल्लं निघाली ती सरळ माठाच्या पिंजऱ्याकडे. जाळीची भोकं माझ्या हिशोबाने कोंबडीसाठी बारीक होती, पिल्लांसाठी तो दरवाजाच होता, सातही आत. कोवळा माठ, चार-चार पानांवर आलेला. बोडकी बाहेरून जाळीवर चोच मारत असा काही आरडाओरडा करायला लागली की काकी गडग्यावरून डोकावल्या. पिल्लांना बाहेर यायचं सुचेना आणि तिला आत जाता येईना. मी दोन मिनिटं उभी राहिले कंबरेवर हात ठेवून. मग पिंजरा उचलला, बाजूला ठेवला, आणि चहा टाकायला आत गेले.