‘बनवाबनवी’ची कोणती कॉपी ठेवायची?

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली की माळ्यावरच्या व्हीसीडी-डीव्हीडी गोणीत भरून रद्दीवाल्याकडे येतात. त्यात मराठी विनोदी सिनेमे हमखास सापडतात. अशी डिस्क घ्यावी, की यूट्यूबवर फुकट आहे तेच बघावं? ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) उदाहरणाला घेऊ, कारण तो सगळ्यांना पाठ आहे आणि काही गाळलं असेल तर लगेच कळतं.

बहुतेक जण आधी ‘प्रिंट क्लिअर आहे का’ एवढंच विचारतात. विनोदी सिनेमाला तो प्रश्न नंतरचा. सिनेमा पूर्ण आहे का, चौकट शाबूत आहे का आणि शब्द ऐकू येतात का, हे आधी.

पूर्ण आहे का, हे सेन्सॉर सर्टिफिकेटवरून काढता येतं. सुरुवातीला ते दिसतं तिथे पॉज करा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला साधारण २७.४ मीटर सरकते. म्हणजे लांबी ४,००० मीटर असेल तर सिनेमा १४६ मिनिटांचा. आता प्लेअरवरची वेळ बघा. १४० मिनिटं दिसली तर लगेच ‘सीन कापले’ म्हणून ओरडू नका. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम चालतात, त्यामुळे सिनेमा चार टक्के लवकर संपतो आणि हिशेब बरोबर १४० वर येतो. त्याच्याही खाली गेला असेल तर मात्र कात्री लागलीय, बहुतेक गाण्यांना किंवा रिळांच्या सांध्यांना.

या वेगवाढीने आवाजही चढतो. पेटी घेऊन बसा: पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने सरकतं, पण तिथेही पोचत नाही, मधेच लटकतं. संवादांत हे फारसं जाणवत नाही, गाण्यांत जाणवतं. पाकिटावर एनटीएससी (अमेरिका-जपानकडची व्हिडिओ पद्धत, तिच्यात सिनेमाचा वेग असा वाढत नाही) लिहिलंय आणि तरी वेळ १४० मिनिटंच भरते, तर ती डिस्क थेट फिल्मवरून नाही, पालच्या टेपवरून बनवलेली आहे, असं खुशाल समजा.

खात्री करायला कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये कॅमेरा आडवा फिरणारा एखादा शॉट लावा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर तो इंटरलेसिंगचा, म्हणजे फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत दाखवण्याचा प्रकार; प्लेअरमधलं डीइंटरलेस चालू केलं की जातो. पण एकाच फ्रेममध्ये माणसाच्या दोन अर्धवट सावल्या दिसल्या तर फ्रेम एकमेकांत मिसळल्या आहेत, त्याला उपाय नाही. डाग बघायलाही हीच वेळ. उभे ओरखडे फिल्मचे, आडव्या पांढऱ्या तुटक रेषा टेपच्या. तळाशी दोन-चार ओळी सतत फाटल्यासारख्या हलत असतील तर मूळ माल व्हिडिओ टेपच आहे. उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर चमकणारा गोल ठिपका मात्र दोष नाही, तो रीळ बदलायची खूण असते. मला तर तो दिसला की बरं वाटतं: कुणीतरी खरी प्रिंट मशीनवर चढवली होती.

चौकटीचा घोळ सगळ्यात वाईट आणि तो यूट्यूबवर जास्त. फिल्मवरून व्हिडिओवर उतरवलेला जुना ४:३ (जुन्या टीव्हीच्या चौकटीचा) ट्रान्सफर १६:९ (आताच्या रुंद टीव्हीचा) करायचा म्हणजे एक तर तो आडवा ताणायचा, नाहीतर वरून-खालून मिळून पाव भाग उंची छाटायची. ताणलेलं ओळखायला घड्याळ, ताट, स्कूटरचं चाक बघा. गोल लंबगोल झालेला असतो. छाटलेलं ओळखायला श्रेयनामावली बघा. अक्षरं वरच्या-खालच्या कडेला टेकलेली असतील तर कात्री लागलीय. ‘बनवाबनवी’त अर्धी गंमत चौघे एकत्र उभे असतानाची आहे. एक बोलत असतो आणि बाकीच्या तिघांचे चेहरे, हात, पदर काहीतरी करत असतात. मागच्या उंच माणसाचं कपाळ उडालं, पुढच्याचे हात गेले, की विनोद लंगडा झाला.

रंगांसाठी पार्वती आणि सुधा, म्हणजे बायकांच्या वेशातले दोघे, यांचे क्लोजअप काढा. पुरुषाच्या चेहऱ्यावरचा मेकअप तिथे दिसायलाच हवा. प्रिंट उतरून गुलाबी पडलेली असेल तर सगळेच चेहरे सारखे होतात. कुंकवाचा किंवा लिपस्टिकचा लाल रंग कडेबाहेर ओघळलेला दिसला तर तो व्हीसीडीचा किंवा टेपचा नेहमीचा रोग. आणि ‘फोर के’ लिहिलेल्या कॉप्यांना भुलू नका. त्यात बऱ्याचदा जुनाच व्हिडिओ सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. गाल मेणाचे, केस एकसंध, मागच्या माणसाला डोळेच नाहीत.

‘थ्री इन वन’ डीव्हीडीचा हिशेब सोपा आहे. एका थराच्या डिस्कमध्ये ४.७ जीबी. त्यात अडीच तासांच्या आतबाहेरचे तीन सिनेमे कोंबले की आवाजासकट सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट वाट्याला येतात. व्हीसीडीत नुसत्या चित्राला १.१५ असतात आणि तिथे पिक्सेल चौपट कमी. म्हणून गर्दीच्या शॉटमध्ये चौकोन पडतात. एका डिस्कवर एकच सिनेमा असेल तीच घ्या.

आवाज हेडफोनवर ऐका. मूळ ट्रॅक मोनो (एकपदरी) असेल तर दोन्ही कानांत तेच यायला हवं. ‘५.१’ (अनेक स्पीकरांचा आवाज) करताना घातलेला घुमारा शब्दांची टोकं खातो. खरखर जास्त घासली असेल तर ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात; थोडी खरखर परवडली. ओठ आणि आवाज जुळतात का, हे शेवटच्या अर्ध्या तासात तपासा, कारण फरक हळूहळू साठत जातो.

पैसे देण्याआधी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर आतला थर गेलाय, खाडीकाठच्या दमटपणात हे होतंच. बोटांचे ठसे किंवा बुरशी असेल तर मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. घरी टीव्हीवर लावताना चित्र ४:३ ठेवा, शार्पनेस अगदी खाली आणा आणि मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) व नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारं) ही दोन्ही सेटिंग बंद करा.