बायोप्सी सोपी, कॅशलेस अवघड: माझा अनुभव

लघवीला फेस, पावलांवर सूज, बीपी वाढलेलं. तपासणीत प्रथिनंही निघाली आणि रक्तपेशीही. गंगापूर रोडच्या किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुमची प्रतिकारशक्तीच किडनीच्या गाळण्यांवर उलटलेली दिसतेय. नेमका प्रकार बायोप्सीशिवाय कळणार नाही."

बायोप्सीला मी तयार होते. विमावाले नव्हते.

क्वेरी आली: 'आजाराचं कारण काय आणि तो कधीपासून आहे, याचं डॉक्टरांचं पत्र द्या.' अहो, कारण शोधायलाच तर बायोप्सी! डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तरी पुन्हा तीच क्वेरी. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, मी काय करू? वरूनच आलंय." हे 'वर' कुठे असतं, ते त्यालाही माहीत नसावं. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो. इथे सकाळची दुपार झाली, कॅन्टीनमधले वडे संपले, मी हाताला सलाईनची सुई लावून तिथेच.

शेवटी कामी आला ऑफिसच्या जुन्या तपासणीचा कागद: लघवीत अल्ब्युमिन (म्हणजे तेच प्रथिन) 'निल'. म्हणजे तेव्हा काही नव्हतं! तो जोडला, शिवाय पॉलिसीला सलग ६० महिने होऊन गेलेत, मग आजार लपवल्याची शंका कशी काढता, असं मेलवर लेखी विचारलं. संध्याकाळी मंजुरी. जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका, एवढं माझं ऐकाच.

बायोप्सी म्हणाल तर पालथं झोपवतात, जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघून सुई घालतात. स्टेपलरसारखा खटका वाजतो, झालं. नंतर कितीतरी तास उताणं पडून राहायचं आणि सिस्टर प्रत्येक लघवीचा रंग बघणार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तारीख घेतानाच सांगा. आणि हो, २४ तासांची लघवी साठवताना पहिल्या सकाळची पहिली टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली मात्र धरायची. हे मला लॅबमध्ये कुणी नीट सांगितलं नव्हतं.

नमुना मुंबईला गेला. निदान आयजीए नेफ्रोपथी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं आयजीए नावाचं प्रथिन किडनीच्या गाळण्यांत साचतं. सध्या बीपीची गोळी, मीठ कमी आणि लोणच्याची बरणी सासूबाईंच्या ताब्यात.

मुंबईच्या लॅबचं बिल वेगळं आलं, ते आता क्लेमला टाकलंय. त्यावरही क्वेरी आलीये: 'नमुना कोणत्या अवयवाचा?'