इंदूर ते न्हावा शेवा आणि परत: भरलेल्या ट्रेलरला कोणतं सेटिंग?

न्हावा शेवाहून इंदूरजवळच्या पीथमपूरला एक मशीन आणायचं काम मिळालं, तेव्हा ट्रान्सपोर्ट नगरातल्या जाणत्या मंडळींचा सल्ला एकच होता: "आधी ईसीएमला मॅप मारून घ्या, नाहीतर घाटात गाडी मान टाकेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि मॅप मारणं म्हणजे जोर वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बाहेरून बदलणं. आमची गाडी बीएस-6, 300 अश्वशक्तीची, मागे तीन एक्सलचा ट्रेलर. आम्ही ठरवलं, कंपनीच्या सेटिंगवरच जायचं, मी स्वतः सोबत बसायचं आणि चढावर नेमकं काय कमी पडतं ते डोळ्यांनी बघायचं. जाताना सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), येताना मशीन, म्हणजे दोन्हीकडून लोड. उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, आमचे जुने काका, मूळचे बऱ्हाणपूरचे, या रस्त्यावर आयुष्य गेलेलं.

निघण्याआधी वजन. धर्मकाट्यावर सगळं मिळून 40 टनांच्या आसपास भरलं. 2018च्या सुधारित नियमांप्रमाणे पुढच्या एक्सलला 7, मागच्या चार टायरच्या एक्सलला 11.5 आणि ट्रेलरच्या तिहेरी एक्सलला 27 टन, म्हणजे आमच्यासारख्या गाडीला एकूण 45.5 टनांची मुभा आहे. तेव्हा हिशेबात होतो. जे हिशेबाबाहेर भरतात आणि मग ताकद कमी पडते म्हणून मॅप शोधतात, त्यांनी एवढं बघावं: ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000.

आता मुद्द्याचं. बहुतेक नव्या गाड्यांना डॅशबोर्डवर मोडचं बटण असतं. टाटाला लाइट, मीडियम, हेवी. महिंद्राला लाइट, हेवी, टर्बो. नावं वेगळी, काम एकच: इंजिनाने किती डिझेल घ्यायचं आणि किती जोर द्यायचा याची हद्द बदलते. आमचा अनुभव असा की भरल्या गाडीला सपाटीवरही लाइट लावू नये. खलघाटचा नर्मदेचा पूल ओलांडून ठीकरी, जुलवानियापर्यंत आम्ही मीडियमवर होतो आणि गाडी वरच्या गिअरमध्ये आरामात धावली. लाइटवर प्रत्येक छोट्या चढाला गिअर पाडावा लागतो आणि वाचवलेलं डिझेल तिथेच जातं. रिकामी गाडी असेल तर मात्र लाइटच.

हेवी मोड चढ सुरू व्हायच्या आधी लावायचा. परतीला पळासनेर सोडलं की बिजासनचा चढ लागतो. काकांनी पायथ्याशीच हेवी केलं, एक गिअर आधीच पाडला आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा 1,500च्या आसपास धरून ठेवला. मी विचारलं, एवढ्या लवकर का?

"भाऊ, सुई बघा. सुई खाली गेली की मग पाय कितीही दाबा, इंजिन फक्त तापतं."

अगदी खरं आहे. या इंजिनांचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, साधारण 1,100 ते 1,700 आरपीएममध्ये मिळतो. त्याच्या खाली वरचा गिअर धरून रेटलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, बेअरिंगवर मार बसतो, हवा कमी आणि डिझेल जास्त पडून एक्झॉस्ट तापतो. बाहेरचे मॅप मारणारे नेमका खालच्याच आरपीएमला जोर वाढवून देतात, कारण पहिल्या चक्करमध्ये ड्रायव्हरला तिथेच फरक जाणवतो. ट्रेलर ओढायच्या गाडीला ते सगळ्यात घातक. एक्झॉस्टचं तापमान 700 अंशांच्या पुढे तासन् तास राहिलं तर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), व्हॉल्व्ह, पिस्टन सगळ्यांचंच आयुष्य घटतं. मोकळी कार दहा सेकंद जोर लावते आणि सुटते, भरला ट्रेलर घाटभर पूर्ण लोडवर असतो.

आणि मिळतं काय? बसल्या बसल्या मी हिशेब केला. 40 टन, 5 टक्के चढ, ताशी 30 किलोमीटर. एवढ्याला चाकांवर साधारण 185 किलोवॅट लागतात, म्हणजे फॅन आणि गिअरबॉक्सचं खाणं धरून 300 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण लागलं. मॅपने जोर 20 टक्के वाढवला तर ताशी 36. आठ किलोमीटरच्या चढाला 16 मिनिटांऐवजी 13 मिनिटं 20 सेकंद. तीन मिनिटंसुद्धा वाचत नाहीत! कसाऱ्याला, बिजासनला, गणेश घाटाला मिळून जे वाचेल त्याहून जास्त वेळ एका टोल नाक्यावर जातो. या आकड्यानंतर माझ्या मनातला मॅपचा विषय संपला.

गाडी खरोखरच ओढत नसेल, तर आधी हवा बघा. सेंधव्याला थांबलो तेव्हा काकांनी जाळी उघडून दाखवली. इंटरकूलर म्हणजे टर्बोची हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारा भाग. त्याच्या पात्यांमध्ये डीओसीची भुकटी आणि जिनिंगच्या भागात उडणारा कापूस यांचा चिखलासारखा थर बसला होता. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारली तेव्हा ढेकळं निघाली. उलट बाजूने मारली तर ती आणखी आत बसतात. इंटरकूलरमधून हवा गरम आली की ती विरळ असते, इंजिन दमतं, ड्रायव्हर अजून दाबतो. तसाच टर्बोच्या रबरी पाइपचा क्लॅम्प. तिथे तेलकट काळा डाग दिसला की दाब गळतोय समजा. साबणाचं पाणी लावून इंजिन रेझ केलं की बुडबुडे येतात. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टायरची हवा आणि एखादा ब्रेक धरून राहिलाय का, हे सगळं बघून झाल्याशिवाय मॅपवाल्याकडे जाऊच नये. एका स्थानिक दुकानाने तर आम्हाला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाकायचाही प्रस्ताव दिला होता. तो ऐकूसुद्धा नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलात असे बदल करू देत नाही, वॉरंटी जाते, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी घाटाआधी भरलेली हवी. डिझेलच्या 4 ते 6 टक्के युरिया लागतो. तो संपला की ईसीएम स्वतःच ताकद कमी करतो, आणि ते चढाच्या मध्यावर झालं तर मागे रांग लागते. डीपीएफच्या रिजनरेशनचा (साठलेली काजळी जाळून टाकण्याचा) दिवा लागला असेल तर तेही पायथ्याला उरकून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी उताराची. इंदूरकडून जाताना मानपूरच्या पुढे गणेश घाट उतरतो, सेंधव्यानंतर बिजासन उतरतो. याच बिजासनच्या खाली, पळासनेरला, जुलै 2023 मध्ये ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि माणसं गेली. घाट उतरताना ते ठिकाण आलं की आमच्या केबिनमध्ये कुणी बोलत नाही. 5 टक्के उतारावर ताशी 30 ने उतरणारे 40 टन जवळजवळ 140 किलोवॅट ताकद ब्रेकच्या अंगावर टाकतात. कुठलाही मॅप यात मदत करत नाही. इथे नियम चढाच्या उलटा: आरपीएम वर ठेवायचा. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखणारा) 2,000च्या आसपास चांगला धरतो, 1,200ला जवळजवळ नाहीच. काटा लाल पट्टीच्या खाली ठेवून, ज्या गिअरने चढला असता त्याहून एक खालचा गिअर घाटाच्या तोंडाशीच टाका. उतारात गिअर पाडायला गेलात आणि तो पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. पायाचा ब्रेक मारायचा तो ठोस आणि थोडा वेळ, मग सोडून द्यायचा. हलका दाबून ठेवला की लायनर जळतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारा ड्रायव्हर कितीही जुना असला तरी त्याला घाटात गाडी देऊ नका. खाली उतरल्यावर थांबून हबजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथलं ॲडजस्टमेंट बिघडलंय.

मशीन घेऊन परतताना कसाऱ्याला पहाटे लागलो, थंड हवेत गाडी स्पष्टपणे सहज ओढते. शक्य असेल तर लोडचे चढ रात्री उशिरा किंवा पहाटे घ्या. धामनोदहून मानपूरचा शेवटचा चढ आम्ही दुपारी केला, हेवी मोड, 1,500, टेंपरेचरचा काटा मध्याच्या थोडा वर, पण स्थिर. तो चढत राहिला असता तर आणखी एक गिअर पाडून थोडा धीर धरायचा, गाडी ताशी 20 वर आली तरी चालेल. पीथमपूरच्या गेटवर पोहोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. टर्बो लाल तापलेला असतो, तेल फिरतं राहायला हवं. तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवा, तोवर कागद दाखवून होतात.