दुसऱ्याच्या फेडलेल्या कर्जाने खाल्लेले माझे साडेचार महिने

भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचं ठरवल्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत 14 महिने गेले. घर शोधणं, भाव ठरणं, कर्ज मंजूर होणं यात विशेष काही घडलं नाही. घोडं अडलं ते सर्च रिपोर्टवर, म्हणजे घराच्या मालकीच्या आणि कर्जाच्या जुन्या नोंदी तपासून वकील देतात त्या अहवालावर.

विकणाऱ्याने त्या घरावर पूर्वी कर्ज काढलं होतं. ते फेडून सात वर्षं झाली होती, पण सरकारी नोंदीत बँकेचा बोजा, म्हणजे कर्जापोटी घरावरचा हक्क, तसाच. शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतो, असं त्या गृहस्थांना वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही. तो उतरेलच असं नाही. कर्ज संपल्याचं पत्र घेऊन नोंदीतून काढून घ्यावा लागतो. त्यात ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली.

अर्ज कर्जदारानेच करायचा, म्हणजे माझ्या हातात काहीच नाही. तरी मी दर सोमवारी त्यांच्यासोबत बँकेच्या शाखेत जायचो. "जुन्या फायली गोडाऊनमध्ये आहेत, शोधायला माणूस पाठवलाय," हे उत्तर मी सहा वेळा ऐकलं. सातव्या सोमवारी पत्र मिळालं. जिन्यातच उघडून वाचलं, तर घर क्रमांक 12 च्या जागी 21! परत वर गेलो. साहेब जेवायला गेले होते. नंतर कळलं की दुरुस्ती शाखेत होतच नाही, मुख्य कार्यालयातून होते.

त्या संध्याकाळी मी वकीलबाईंना म्हणालो, "मॅडम, पावत्या आहेत ना? करून टाकू व्यवहार, पत्र येईल मागाहून."

"पावत्या तुमच्या फायलीत, बोजा सरकारी नोंदीत," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील हेच विचारेल. कागद आला की पैसे द्यायचे."

राग आला होता. वकील बदलावा असंही दोन दिवस डोक्यात घोळत होतं.

तेवढ्यात माझ्या कर्जमंजुरीची 90 दिवसांची मुदत संपली आणि नवी मंजुरी वाढीव दराने आली. चिडून पुन्हा हिशोब मांडायला बसलो, आणि तो पहिल्यांदा नीट मांडला. किंमत 100 धरली तर वर्षाचं भाडं 5. एक महिना घर रिकामं राहिलं की 4.58. कर, विमा, डागडुजीचा 1 गेला की 3.58. मी कर्ज काढणार होतो 75, दर 8 टक्के. म्हणजे पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास 6. भाड्यातून हप्ता फिटेल, असं मी घरी छातीठोकपणे सांगून बसलो होतो! शेवटी मुदत ठेव मोडून कर्ज 40 वर आणलं. व्याज 3.2, मुद्दल अजूनही खिशातूनच जातं.

हो, इसार (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देताना एक ओळ लिहून घ्या: मालकीचे कागद अमुक तारखेपर्यंत स्वच्छ झाले नाहीत तर इसार परत. माझ्या कागदात ती नव्हती, म्हणून तर सोमवार-सोमवार करत बसलो. सर्च रिपोर्टही इसाराआधीच काढायला हवा होता. आणि घर पावसात एकदा बघाच. थांबलो होतो म्हणूनच कपाटामागची ओल दिसली. दुरुस्तीचा खर्च किमतीतून कापून घेतला.

मुख्य कार्यालयाला लेखी तक्रार केल्यावर दुरुस्त पत्र तीन आठवड्यांत आलं. जिन्यात उभं राहून आकडा दोनदा वाचला. बोजा उतरला, व्यवहार झाला, दोन महिन्यांनी भाडेकरूही आले.

ते सामान लावत असताना विकणाऱ्यांचा फोन आला. शाखेतून निरोप होता: फाईल सापडली, पत्र अजून हवंय का?