कांडीचा रकाना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्यात मी पगारपत्रक करते. दिवाळीनंतर त्यातला ‘कांडी’ हा रकाना मी काढून टाकला. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी, आणि धोटा आडवं सूत मागाच्या या कडेहून त्या कडेला नेतो. शेडमध्ये आता सगळे रेपियर माग आलेत. त्यांना धोटा नसतो, बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत सरळ सुताच्या मोठ्या कोनावरून ओढलं जातं. मग कांड्या भरायच्या कशाला?

माझ्या अम्मानं वीस वर्षं कांड्याच भरल्या. रकाना पुसताना हात थांबला होता.

आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या सहा बाया होत्या. दोघी विड्या वळायला गेल्या, हजारी दरावर. चौघी आमच्याकडेच टॉवेलच्या कडा शिवतात, डझनावर. त्याच छपराखाली एक नवा मुलगा आलाय, संगणकावर डिझाइन करून इलेक्ट्रॉनिक जेकार्डला, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, देतो. त्याला महिन्याचा पगार, शिवणारीच्या चौपट. पोरगा हुशार आहे, त्याला मिळतं ते मिळायलाच हवं.

शेतीतून माणसं कारखान्यात आली की विषमता आधी वाढते आणि पुढे कमी होते, असं सायमन कुझ्नेट्स यांनी 1955 साली मांडलं. कॉलेजात ते मला पटलं होतं. आमच्या घरात मात्र उलटं झालं. माझे ताता, म्हणजे आजोबा, कापडाच्या मिलमध्ये होते. भोंग्यावर जायचं, भोंग्यावर यायचं. बोनस होता, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती. मिल बंद पडल्यावर नायना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर गेले. मजुरी मीटरवर, वीज गेली की तीही गेली. सूत तेच आणि हातही तेच होते, पण माग शहराच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडांत विखुरले आणि कामगार कुणाच्या मोजणीत राहिला नाही. फंडाचा कायदा 20 कामगारांपासून लागतो. नायना जिथं राबले, तिथं एकाच छताखालचे माग तीन नावांवर होते. त्यामुळे वीस माणसं कुठल्याच कागदावर कधी भरली नाहीत. साठीला आले तेव्हा त्यांच्या हातात फक्त खोकला होता.

म्हणून मला एकट्या रेपियरला दोष देववत नाही.

डझनावर काम करणारीलाही फंड लागू होतो, कायदा तसंच सांगतो. त्या चौघींची नावं यादीत घ्या, असं मी मालकांना दोनदा म्हटलंय. दोन्ही वेळा ‘सीझन जाऊ दे’ असं उत्तर मिळालं. पत्रकात त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. शनिवारी पगाराच्या सहीला जाईन तेव्हा पुन्हा विचारणार आहे.