रंकाळ्याचा काठ बाराही महिने वापरात ठेवायचा तर

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की चर्चा दिवे, कारंजी आणि सेल्फी पॉइंटपासून सुरू होते. काठ बाराही महिने लोकांच्या वापरात राहावा असं खरोखर वाटत असेल, तर खर्चाचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी पाणी, मग तटबंदी, मग पायाखालची फरशी आणि तिचा निचरा, मग सावली आणि छप्पर. दिव्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. कोल्हापुरात तळ्याचा काठ ओस पडतो तो वर्षातून दोनदा: जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे आणि घसरड्यामुळे, एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हामुळे आणि पाण्याच्या वासामुळे. या दोन अडचणी सुटल्या की उरलेले महिने सांभाळायला फारसे कष्ट पडत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करू. तळ्याला वास सुटला की काठावर कितीही देखणी बाग करा, माणूस दहा मिनिटांत उठतो. वासाचं मूळ नाल्यांमध्ये आहे. श्याम सोसायटीसारख्या नाल्यांतून रंकाळ्यात सांडपाणी येतं हे कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. नाला तळ्याच्या तोंडाशी अडवून ते पाणी ड्रेनेज लाइनीतून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवणं हा उपाय सर्वमान्य आहे. तो फसतो बारीकसारीक गोष्टींत. अडवणुकीच्या चेंबरला जाळी हवी, गजांमधलं अंतर २० ते २५ मिमी. ती रोज साफ झाली नाही तर प्लास्टिक आणि केरानं तुंबते आणि पाणी बांधावरून सरळ तळ्यात जातं. पंप एक चालता आणि एक राखीव, असे दोन हवेत आणि सोबत जनरेटर हवा. वीज चार तास गेली तर चार तासांचं सांडपाणी तळ्यात उतरतं, आणि त्याचा परिणाम आठवडाभर दिसतो. पावसाळ्यातला पहिला मोठा लोट सगळ्यात घाण असतो, कारण उन्हाळाभर नाल्यात साचलेला गाळ त्याच्याबरोबर येतो. म्हणून नाल्यांतला गाळ मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघालाच पाहिजे. जूनमध्ये काढायला घेतला तर त्याचा उपयोग नाही.

आता केंदाळ, म्हणजे जलपर्णी. पोषक द्रव्यांनी भरलेल्या कोमट पाण्यात ते साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. त्यामुळे वर्षातून एकदा मोठी मोहीम काढून भागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात, विस्तार थोडा असताना, एक बोट आणि चार-पाच माणसं रोज फिरती ठेवणं स्वस्त पडतं. फुलोऱ्याआधी काढलं तर बी गाळात पडत नाही. पडलेलं बी वर्षानुवर्षे तग धरतं. काढलेलं केंदाळ काठावरच ढीग लावून ठेवणं ही नेहमीची चूक. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते कुजतं, त्याचा रस परत तळ्यात झिरपतो आणि जे बाहेर काढलं तेच खत होऊन पाण्यात जातं. ढीग काठापासून निदान ३० मीटर लांब, उतार तळ्याकडे नसलेल्या जागी पसरावा आणि वाळल्यावर खतासाठी न्यावा.

हिरव्या-निळ्या शेवाळाचा तवंग आला की औषध फवारण्याची घाई होते. तवंग एकदम मेला तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे मरून वर येतात. पहाटेच, कारण रात्रभर वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, नुसता वापरतात. पाण्यात हवा खेळवणारी यंत्रं लावली असतील तर ती रात्री बारा ते सकाळी सात चालू हवीत. ती संध्याकाळी गर्दीसमोर चालतात आणि चौकीदार घरी जाताना बंद करतो, असं बऱ्याच तळ्यांवर घडतं.

तटबंदीकडे वळू. जुनी दगडी भिंत ढासळते तेव्हा दोष पाण्याच्या लाटांना दिला जातो. खरा दाब बहुतेक वेळा मागून येतो. पावसाळ्यात भिंतीमागची माती पाणी पिऊन फुगते, पुढे तळ्याची पातळी उतरते, पण मागचं पाणी बाहेर पडायला वाट नसते. भिंत मग तळ्याकडे ढकलली जाते. उपाय जुनाच आहे: दर दीड ते दोन मीटरवर ७५ ते १०० मिमी व्यासाची निचरा-भोकं, आडवी-तिरपी एकाआड एक, आणि त्यांच्यामागे ३०० ते ४५० मिमी जाडीचा खडी-गोट्यांचा थर, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड लावून. कापड विसरलं तर दोन पावसाळ्यांत भोकं मातीनं बुजतात. दुरुस्तीसाठी तळ्याची पातळी भराभर उतरवणं टाळावं. बऱ्याच भिंती त्याच आठवड्यात पडतात.

जुनं बांधकाम चुन्यातलं असेल तर दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यातच भरा. सिमेंटची दर्जाभरणी वरून चकचकीत दिसते, पण आतला ओलावा अडकवते आणि दगडाची कड उडू लागते. सांधा २५ ते ४० मिमी खोल खरवडायचा, धुऊन घ्यायचा, चुना भरून निदान दहा दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच होतं. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं छाटून भागत नाही, छाटल्यावर ते अधिक जोमानं फुटतं. आजूबाजूचे दोन-तीन दगड सोडवून मूळ पूर्ण काढायचं आणि दगड परत बसवायचे.

पायाखालची फरशी. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि पॉलिश केलेला कोटा दगड उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो आणि जुलैत ज्येष्ठांची हाडं मोडतो. आपल्याकडे खडबडीत बेसाल्ट (काळा दगड) सहज मिळतो, तोच वापरावा. ग्रॅनाइटच हवा असेल तर आगीनं खरबरीत केलेला घ्यावा. फरशीला आडवा उतार दोन टक्के, म्हणजे ३ मीटर रुंदीच्या वाटेला ६० मिमी. उतार झाडीच्या पट्ट्याकडे द्यावा म्हणजे पाणी मुरतं, वाटेवरचा कचरा तळ्यात वाहत नाही. यापेक्षा कमी उतार ठेवला तर पाणी साचतं, आणि साचलेल्या जागी सावली असेल तर पंधरवड्यात शेवाळ धरतं. ते ब्लीचिंग पावडरनं धुणं तळ्याकाठी नकोच, ते पाणी शेवटी माशांकडे जातं. तारेचा किंवा कडक काथ्याचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याचा पंप पुरतो, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा.

पेव्हर ब्लॉक बसवायचे असतील तर नुसत्या पायवाटेला ६० मिमी चालतात, पण जिथे रुग्णवाहिका किंवा केंदाळाचा ट्रॅक्टर जाणार तिथे एम-४० प्रतीच्या (अधिक मजबूत) काँक्रीटचे ८० मिमी हवेत. खाली १५० ते २०० मिमी घट्ट दाबलेला खडी-मुरुमाचा थर, त्यावर ३० मिमी वाळू. काळी माती लागली तर ती ३०० ते ४५० मिमी काढून मुरूम भरावा; काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि फरशी लाटांसारखी होते. पाण्याच्या बाजूचे ब्लॉक खचतात ते वाळू सांध्यातून वाहून गेल्यामुळे. कडेला पक्का कर्ब-दगड आणि वाळूखाली कापड घातलं की हा त्रास थांबतो.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ हून तीव्र नको, दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा हवा, आणि कठडे दोन उंचींवर, ७०० आणि ९०० मिमी. प्रवेशाशी एक अडचण कायम येते. खुर्ची जाण्याइतकी, म्हणजे ९०० मिमी मोकळी जागा ठेवली की मोटरसायकलही आत जाते. मग कोणीतरी तिथे आडवी-तिडवी पाइपची कोंडी लावतं आणि खुर्ची, बाबागाडी दोन्ही अडकतात. माझ्या मते जागा मोकळीच ठेवावी, प्रवेशापासून ५० मीटरच्या आत दुचाकी लावायला पुरेशी जागा द्यावी आणि संध्याकाळी पाच ते नऊ तिथे माणूस उभा करावा.

छपराचा प्रश्न रंकाळ्यावर विशेष अवघड आहे, आणि नकाशा करणाऱ्यांच्या तो लक्षातच येत नाही. शहराच्या बाजूच्या काठावर बसून पाण्यापलीकडे सूर्य मावळताना बघायचा, हे रंकाळ्याचं मुख्य सुख. म्हणजे बाकाचं तोंड पश्चिमेला. पावसाळ्यातला वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच, उघड्या पाण्यावरून, काहीही आडवं नसताना येतो. जिकडे दृश्य तिकडूनच झड. जोराच्या वाऱ्यात पाऊस ४५ अंशांत पडतो असं धरलं, तर पागोळीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, उंची जितकी, तितकं अंतर आत भिजतं. पागोळी २.४ मीटरवर असेल तर पुढचे २.४ मीटर ओले. आपल्याकडची बहुतेक गोल छत्रीवजा गझिबो तीन मीटर व्यासाची असतात, म्हणजे त्यात कोरडी जागा जवळजवळ उरतच नाही. लोक मधोमध उभे राहून अंग चोरतात आणि पाऊस थांबला की निघून जातात.

त्याऐवजी लांबट, निदान ५ ते ६ मीटर खोलीचं पडवीवजा छप्पर करावं. पश्चिमेची पागोळी २.१ मीटरपर्यंत खाली आणावी आणि त्याच बाजूला ७५० मिमी उंचीची दगडी भिंत घालावी. बाक त्या भिंतीला चिकटून ठेवू नये, अडीच मीटर मागे ठेवावा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण १.१ ते १.२ मीटरवर असते, त्यामुळे भिंतीवरून पाणी दिसतं आणि झड बाकापर्यंत पोचत नाही. छपरासाठी साधा पत्रा नको. मुसळधार पावसात त्याखाली बोलणं ऐकू येत नाही, आणि बोलायला मिळालं नाही तर बसायला कोण येईल? मंगलोरी कौलं किंवा मध्ये थर असलेले जाड पत्रे घ्यावेत. तळ्यावरून आलेला वारा छपराला खालून उचलतो, म्हणून कडेच्या कौलांना तार आणि पत्र्यांना कडेच्या ओळीत दुप्पट बोल्ट. अशी तीन-चार छपरं पदपथ उद्यानापासून संध्यामठाच्या बाजूपर्यंत ३०० मीटरच्या आत एक याप्रमाणे आली, तर पावसाळ्यातही फेरी पूर्ण करता येईल.

उन्हासाठी झाडं. काठावर करंज, वाळुंज, अर्जुन, जांभूळ, कदंब ही मंडळी ओल सोसतात. गुलमोहर आणि पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) फुलतात सुंदर, पण ओल्या मातीत आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतात, म्हणून वाटेवर नकोत. वड-पिंपळ तटबंदीजवळ लावायचे नाहीत, बाकीची झाडं भिंतीपासून निदान ३ मीटर आत. खड्डा १ मीटर लांब, रुंद, खोल. अंतर ७-८ मीटर. रोप सहा ते आठ फुटी. लावणी जूनचा चांगला पाऊस झाल्यावर. पुढचे तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी. टँकरचं बिल निविदेत नसेल तर दुसऱ्या मेपर्यंत निम्मी झाडं जातात. खालच्या फांद्या हळूहळू २.५ मीटरपर्यंत उचलाव्यात म्हणजे सावलीही राहते आणि पाणीही दिसतं. बुंध्याभोवती चारी बाजूंनी १ मीटर माती उघडी ठेवावी. फरशीवाला बुंध्यापर्यंत काँक्रीट नेतो, ते तिथेच थांबवावं लागतं.

स्वच्छतागृहाशिवाय काठावर बायका आणि म्हातारी माणसं तासाभराहून जास्त थांबू शकत नाहीत. चौपाटीवर आणि दूरच्या टोकाला, दोन्हीकडे हवीत, बायकांकडे शौचकूप पुरुषांपेक्षा जास्त, आणि सांडपाणी ड्रेनेजलाच जोडलेलं. शोषखड्डा तळ्याशेजारी चालणार नाही.

भेळ, आइस्क्रीम, पावसात कणीस विकणाऱ्यांना उठवून काठ सुंदर होत नाही, सुनसान होतो. रात्री नऊला एकट्या बाईला तिथून जायला धीर वाटतो तो त्या गाड्यांच्या उजेडामुळे आणि वर्दळीमुळे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांच्या जागा ठरवाव्यात, प्रत्येक ओळीला नळ, तेलकट पाणी गाळणारा चेंबर आणि ड्रेनेजची जोडणी द्यावी. भांडी धुतलेलं पाणी तळ्याच्या बाजूच्या गटारात गेलं तर नाले अडवण्याचा सगळा खर्च इथेच वाया जातो.

विजेच्या कामात एकच गोष्ट ताणून धरावी. वितरण पेटीचा ओटा तळ्याच्या आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या ६०० मिमी वर. ती पातळी कागदावर नसेल तर पाण्यातल्या जुन्या दगडी बांधकामांवरच्या खुणा पाहाव्यात. खांबांच्या बुडाशी जोडण्या ठेवल्या की पहिल्या पावसात पाणी शिरतं आणि अख्खी ओळ बंद पडते. जोडणी जमिनीपासून निदान ६०० मिमी उंचीवर, प्रत्येक ओळीला ३० मिलिअँपिअरचं वीजगळती-रोधक स्विच. खांब चार मीटरचे, १२ ते १५ मीटरवर, उजेड पिवळसर, ३००० केल्विनपर्यंत, झोत वाटेवर. पाण्यावर झोत टाकला की किडे गोळा होतात आणि रात्री विसावणाऱ्या पक्ष्यांची झोप जाते.

गणपती विसर्जन जवळच्या इराणी खणीकडे (दगडाच्या जुन्या खाणीकडे) वळवलं आहे, ते तिथेच राहावं. त्या आठवड्यात काठाच्या फरशीवरून क्रेन आणि ट्रक नेण्याची परवानगी देऊ नये, ६० मिमीचे ब्लॉक त्याखाली फुटतात.

निविदेबद्दल शेवटचं. बांधकाम आणि पाच वर्षांची देखभाल एकाच ठेक्यात ठेवावी आणि देखभालीची रक्कम दर तीन महिन्यांनी, तपासणीनंतरच द्यावी. तपासणीची यादी छोटी असावी: अडवणुकीची जाळी साफ आहे का, राखीव पंप चालू होतो का, निचरा-भोकांतून पावसानंतर पाणी येतं का, झाडं किती जगली, बंद दिवे किती. यातली एक तपासणी जुलैत, भर पावसात झालीच पाहिजे अशी अट लिहून घ्यावी. कोरड्या दिवशी पाहिलं तर उतार चुकलेला कळत नाही, आणि भोकं बुजलेलीही दिसत नाहीत.