रूट ब्रिज आपणच ठरवावा

स्पॅनिंग ट्री (स्विचमध्ये लूप होऊन डेटा गोल गोल फिरत राहू नये म्हणून जादा वाटा बंद ठेवणारा प्रोटोकॉल) डीफॉल्टवर सोडून देणं मला अजिबात पटत नाही. रूट ब्रिज म्हणजे ज्याला केंद्र धरून बाकीच्या वाटा ठरतात तो स्विच; ज्याची प्रायॉरिटी, म्हणजे निवडीचा आकडा, सगळ्यात लहान, तो रूट. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी डीफॉल्टची ३२७६८ असली की निवड मॅक ॲड्रेसवर (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर) जाते; ज्याचा सगळ्यात लहान, तो रूट. बऱ्याचदा तो कोपऱ्यातला जुनाट स्विच निघतो, आणि मग बरंचसं ट्रॅफिक वळसा घालून त्याच्याकडून जातं. म्हणून मी कोअर (मधल्या मुख्य) स्विचला ४०९६ देते, तो बंद पडला तर जागा घेणाऱ्या त्याच्या जोडीदाराला ८१९२. (आकडा ४०९६च्या पटीतच चालतो.) मोड रॅपिड, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा लवकर सावरणारा प्रकार.

पीसीच्या पोर्टना एज लावते, म्हणजे ते न थांबता लगेच चालू होतात; सोबत बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे संदेश) गार्ड हवाच. तिथे कुणी दुसरा स्विच जोडला आणि बीपीडीयू आला, की पोर्ट तिथल्या तिथे बंद. तक्रार येईल, येऊ दे! लूप झाला तर अख्खं नेटवर्क आडवं होतं.